कोर्ट वेगाने चालत होतेच, पण कोणासाठी?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले. सावकार, व्यापारी आणि बँका मात्र ती पायरी चढताना कधी कचरले नाहीत. बांधाचा दावा अपिलात गेला की भोरकडचा शेतकरी कात्रजला एसटीतून उतरतो, सिटी बस धरून शिवाजीनगरचे जिल्हा कोर्ट गाठतो आणि पुढची तारीख घेऊन परत फिरतो. त्याचा भातकापणीचा दिवस बुडतो, तुमचा कपाशीच्या वेचणीचा किंवा ज्वारीच्या काढणीचा.

यावर शहरातले विद्वान एकच औषध सांगतात : निकाल लवकर लावा. आम्हाला हे औषध अपुरे वाटते. कोर्ट वेगाने चालले म्हणजे शेतकऱ्याला न्याय मिळतोच असे नाही, हे याच पुणे जिल्ह्याने भोगले आहे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की जुनी देणी लोंबकळू नयेत. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. दावा लागला की कुणबी कोर्टात हजर नसे. समन्स पोचलेच तर ते वाचता येत नसे. एकतर्फी हुकूमनामा, जप्ती, लिलाव! रोख्यावर अंगठा आहे ना, एवढेच कोर्ट पाही. मूळ कर्ज किती, फेडले किती, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नसे. काम झटपट होई यात शंका नाही.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि रोखे जाळले. कागद हेच कोर्टाचे एकमेव सत्य, मग कागदच नष्ट करा, असा तो साधा हिशेब होता. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाने रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासावा, ऋणकोला समक्ष ऐकावे, हप्ते बांधून द्यावेत, असे ठरले. दाव्याआधी समेटाचा प्रयत्न सक्तीचा झाला. कर्जासाठी तुरुंग बंद झाला. त्या कायद्यातूनही सावकारांनी पळवाटा काढल्याच. पण न्यायाधीशाने काय विचारावे हे त्याने बरोबर ओळखले होते.

आज काय चित्र आहे? व्यापाऱ्यांच्या तंट्यांसाठी २०१५ साली वेगळी वाणिज्य न्यायालये झाली. तीन लाखांपासूनचे दावे तिथे जातात आणि प्रतिवादीने १२० दिवसांत कैफियत दिली नाही तर त्याचा हक्कच जातो. सहकारी कायद्याच्या कलम १०१ खाली पतपुरवठा संस्थेला दिवाणी कोर्टाची गरजच नाही. निबंधकाचा वसुली दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. (बँकांना कोर्टाविना जप्तीचा अधिकार देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. वसुलीवाला हे सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.) देणेकऱ्याचा फडशा असा भराभर पडतो आणि वाटणीचा दावा मात्र बापाकडून मुलाकडे वारशाने येतो.

आमची मागणी स्वच्छ आहे. २००८ च्या कायद्यातली ग्रामन्यायालये कागदावरून गावापर्यंत आणा. शेतकऱ्याविरुद्धच्या प्रत्येक वसुलीत, मग ती निबंधकाची असो की कोर्टाची, खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा समोर ठेवल्याशिवाय हुकूम नको.

तोवर हाती आहे ते वापरा. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह शेजाऱ्याने अडवला तर वर्षानुवर्षांच्या दाव्याआधी तहसीलदाराकडे जा. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ त्यासाठीच आहे. अट एकच, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज. आपले लोक 'बोलून मिटेल' म्हणत इथेच मुदत घालवतात. लोकअदालतीत मिटवायचे असेल तर मजकूर दोनदा वाचून घ्या; त्या निवाड्यावर अपील नाही.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्यावर कलम १०१ चे दाखले निघाले आहेत त्यांनी दाखल्याची नक्कल, कर्जखात्याचा उतारा आणि सातबारा बरोबर आणावा. उतारा मागूनही मिळाला नसेल तर मागणी अर्जाची पोच आणा.