एक्स-रे नॉर्मल, मग दम का लागतो?

खोकला महिनाभर हटला नाही की आपण एक्स-रे काढतो, तो नॉर्मल आला की निश्चिंत होतो. मला हे पटत नाही. श्वासनळ्या आवळल्यात का, ते स्पायरोमेट्रीत कळतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते त्यात मोजतात. सातपूर-अंबडला धुळीत राबणाऱ्यांनी आणि निफाड-दिंडोरीकडच्या, विडीला कधी हात न लावलेल्या पण जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आयाबायांनी दम लागत असेल तर ती करून घ्याच.

जाताना पोट तुडुंब नको, कपडे सैल हवेत. इनहेलर किती तास आधी थांबवायचा ते डॉक्टरांना विचारा. नुकताच हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा. आणि फुंकताना लाजू नका. पूर्ण जोर लावून, निदान सहा सेकंद! अर्धवट फुंकलेल्या रिपोर्टवरून औषध ठरवता येत नाही.