घरची तूर आणि बाजारची डाळ

शेतकऱ्याच्या घरखर्चाची चर्चा निघाली म्हणजे लग्नकार्य, औषधपाणी व मुलांचें शिक्षण ह्यांचा उल्लेख प्रथम होतो. रोजच्या जेवणाचा खर्च मात्र सहसा कोणी हिशेबांत धरीत नाहीं. ज्याच्या शेतांत धान्य पिकतें त्याला अन्नाचा खर्च कसला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महसूल खात्यांतील कारकुनीवरून निवृत्त होऊन मीं गांवीं घरच्या शेतीचा हिशेब हातीं घेतला, तेव्हां ही समजूत किती पोकळ आहे हें मला कळून आलें.

आमच्या शेतांत दरवर्षीं तूर होते. पौष-माघांत ती खळ्यावरून सगळीच्या सगळी बाजारांत जाई. आणि आषाढ लागला कीं वाण्याकडून किलो-दोन किलो डाळ उधारीनें घरीं येई. वाण्याची वही पाहून मीं वहिनींपाशीं सहज तक्रार केली. त्या म्हणाल्या, “भावजी, तूर विकतांना मला कोणी विचारलें होतें काय?” ह्या प्रश्नास आम्हां भावांपाशीं उत्तर नव्हतें. जी तूर आम्हीं पोत्यानें विकली तीच पुडीनें परत घेत होतों, आणि आडत, हमाली, वाहतूक, गिरणी व किरकोळ नफा ह्या सर्वांचा भार आमच्याच ताटावर पडत होता.

हिशेब अवघड नाहीं. सहा माणसांच्या कुटुंबास रोज २०० ग्रॅम तूरडाळ धरली तर वर्षास ७३ किलो लागते. एक क्विंटल स्वच्छ तुरीपासून साधारणपणें ७० किलो डाळ निघते. म्हणजे क्विंटलाहून किंचित् अधिक तुरींत वर्षाची बेगमी होते. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें तुरीचा हमीभाव क्विंटलास ८,००० रुपये ठरविला. ह्या रकमेस ७० नें भागलें असतां घरची डाळ किलोस सुमारें ११४ रुपयांस पडते. तींत भरडाईची मजुरी मिळवावी, व जनावरांस जी चुणी मिळते तिची किंमत वजा करावी. आपणांस प्रत्यक्ष मिळणारा भाव घेऊन प्रत्येकानें हें गणित करावें, व येईल तो आंकडा आपल्या वाण्याच्या भावाशेजारीं मांडावा.

पुढें भाव उतरला तर ठेवलेल्या तुरींत तोटा येईल, असा आक्षेप कोणी घेतील. भाव चढतो-उतरतो हें खरेंच आहे. २०१५ सालीं अनेक शहरांत तूरडाळ किलोस २०० रुपयांच्या पलीकडे गेली, तर २०१७ च्या आरंभीं अमाप पिकामुळें तुरीचे बाजारभाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखालीं आले. परंतु हा विचार विक्रीच्या मालाचा आहे. खाण्यापुरती तूर ठेवणें हा सट्टा नव्हे. भाव कोणताहि असो, मधल्या हातांचा खर्च वांचतो आणि उधारीची वही बंद राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हंगामांत सोसायटीचें व खतबियाणेंवाल्याचें देणें दाराशीं उभें असतें. मग माल ठेवावा कसा? माझें म्हणणें सर्व माल ठेवावा असें नाहीं; फक्त पोटापुरता एक क्विंटल बाजूस काढावा. उरलेला मालहि घाईनें विकावा लागूं नये म्हणून राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. तींत सहभागी बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवून त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळूं शकतें.

आतां माझी एक चूक सांगतों. पहिल्या वर्षीं मीं उत्साहानें दोन पोतीं तूर ठेवली, पण ती पुरती वाळविली नाहीं. ज्येष्ठांत पोतीं सोडलीं तों दाण्यादाण्यास भोंक! कडधान्याचा भुंगा शेतांतच शेंगांवर अंडीं घालतो व कीड घरांत वाढते, हें मला ठाऊक नव्हतें. म्हणून दाणा दांताखालीं कट्‌कन् फुटेल इतकें कडक ऊन द्यावें. अख्खी तूर फार दिवस न ठेवतां उन्हाळ्यांतच डाळ करावी. कारण भुंग्याची वाढ अख्ख्या दाण्यांत होते, भरडलेल्या डाळींत तितकी होत नाहीं. नंतर ती घट्ट झांकणाच्या कोरड्या पत्र्याच्या डब्यांत भरावी. जात्यावर क्विंटलभर भरडणें घरच्या स्त्रियांवर लादूं नये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें लहान डाळगिरणी तयार केली आहे. अशी एखादी गिरणी चार-सहा शेतकऱ्यांनीं मिळून घेतल्यास गांवाचें काम गांवांत होईल.

शेवटीं वाचकांस एवढीच विनंति आहे. येत्या हंगामांत तुरीचीं पोतीं गाडींत चढविण्यापूर्वीं घरांत जाऊन, वर्षास डाळ किती लागते, हें चूल सांभाळणाऱ्या माउलीस विचारावें, आणि ती सांगेल तेवढी तूर प्रथम उतरवून घ्यावी. बाजाराचा वांटा त्यानंतर.