तीन थर आणि एक साडी

मराठीचा मास्तर बोटीने अलास्काला जातो, ही गोष्टच मुळी आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला खरी वाटेना. पण सिएटलच्या ताईने २०२४ च्या जुलैत आईला आणि आम्हां उभयतांना सात दिवसांची सफर घडवायचे ठरवले, आणि घरात बॅगा भरण्याचे पर्व सुरू झाले.

उन्हाळ्यात जायचे म्हणून मी सुती सदरे काढले. ताईने ते फोनवरूनच परत कपाटात ठेवायला लावले. तिकडचा उन्हाळा म्हणजे दिवसा पंधरा-सतरा अंश आणि वर पाऊस. वाटेतल्या केचिकन गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. रत्नागिरीला शोभेलसा, पण रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत मोकळा होतो, केचिकनचा बारा महिने कुरकुरत असतो. अशा हवेत सुती कापड भिजले की अंगाला चिकटून गारठवते आणि वाळायचे नाव घेत नाही.

ताईचा हुकूम असा: एक जाड कोट नको, तीन पातळ थर आणा. अंगालगत लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीसचे जाकीट, सर्वांत वर पाणी न शिरणारा, टोपीचा रेनकोट. बोटीच्या आत उबदार असते, तिथे वरचे दोन उतरवायचे. हिमनदीसमोर डेकवर तिन्ही चढवायचे. छत्री नको, वाऱ्यात उलटते. रंग दोनच, काळा आणि करडा, म्हणजे कोणताही सदरा कोणत्याही पँटवर चालतो. (मी आयुष्यभर हेच करीत आलो, सौ. त्याला आजवर गबाळेपणा म्हणत होती.)

घोडे अडले ते आईपाशी. ताई म्हणाली, "आई, पँट घालावी लागेल." आईचे वय ७३. "मग मी घरीच बरी," म्हणून तिने फोन माझ्या हाती दिला. तीन दिवस बॅगेला हात लावला नाही. तिकिटे तर काढून झालेली!

चौथ्या दिवशी मी तिला थर समजावू लागलो, वर्गात समास समजावतो तसे. ती मध्येच म्हणाली, "अरे, लावणीला आम्ही डोक्यावर इरलं घ्यायचो. तुझे आजोबा घोंगडीची खोळ घेत. घोंगडी भिजली तरी आत ऊब राहते. हे काय तू मला शिकवतोस?"

मग तिने स्वतःच बॅग भरली. आत थर्मलचे दोन जोड. त्यांवर सिंथेटिक साडी, घोट्याच्या वर नेसायची. रात्री धुतली की सकाळी वाळते, म्हणून साड्या अवघ्या तीन. लोकरीचे मोजे, पाणी न शिरणारे बूट, आणि वरून ताईचा गुडघ्याखाली येणारा रेनकोट. फ्लीस मात्र तिने बाजूला काढले आणि त्या जागी बाबांचा तपकिरी स्वेटर ठेवला, कोपरावर रफू केलेला. बाबांना जाऊन सहा वर्षे झाली होती. 'जड आहे, भिजला तर वाळणार नाही,' असे मी म्हणणार होतो, सौ.ने माझा हात दाबला.

ग्लेशियर बेमध्ये बोट मार्जरी हिमनदीसमोर थांबली. बारीक पाऊस, बर्फावरून येणारा वारा. माझे दात वाजू लागले, कारण शहाणपणा करून आतला थर मी केबिनमध्येच ठेवला होता. दहा मिनिटांत मी आत पळालो. तासाभराने कॉफी घेऊन गेलो, तर आई कठड्याशी तशीच उभी. रेनकोटातून स्वेटरची बाही तिने बोटांपर्यंत ओढून घेतली होती. समोर बर्फाचा एक कडा गडगडत पाण्यात कोसळला.

"तू जा आत," ती म्हणाली. "आम्ही थांबतो थोडा वेळ."