पंचवीस तासांचे दिवस

बोटीने हवाईला जाऊन आलो असे सांगितले, की ऐकणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "केवढ्याला पडलं?" आणि दुसरा, "पण मधले ते चार-पाच दिवस करायचं काय?" पहिल्याचे उत्तर सीझन, खोली आणि डिस्काउंट यांवर अवलंबून असल्यामुळे ते ट्रॅव्हल एजंटवर सोपवू. या अंकातले आमचे पान दुसऱ्या प्रश्नासाठी.

आपल्यापैकी बरेच जण अलास्का किंवा कॅरिबियनची क्रूझ करून आले आहेत. तिथे एक-दोन दिवसांआड नवे बंदर लागते. उतरा, फोटो काढा, टी-शर्ट घ्या, परत चढा. हवाईची गोष्ट वेगळी. लॉस एंजेलिस ते होनोलुलू हे अंतर सुमारे २,२२५ सागरी मैल, म्हणजे चार हजार किलोमीटरहून थोडे जास्तच. शिडाच्या बोटींची 'ट्रान्सपॅक' शर्यत १९०६ सालापासून याच वाटेवर होते. जहाजाचा वेग २० नॉट धरला, तर दिवसाला ४८० सागरी मैल. भागाकार करा, साडेचार दिवस निव्वळ पाणी. येतानाही तेवढेच. शिवाय परत येताना मेक्सिकोतल्या एन्सेनाडा बंदराला जहाज लागते. त्याचे कारण १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा. परदेशात नोंदलेल्या जहाजाने अमेरिकन बंदरांमधून प्रवासी फिरवून आणायचे, तर वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. असे सगळे मिळून पंधरा दिवस.

आम्ही सहा जण होतो. आम्ही दोघे, दोन मुले आणि भारतातून चार महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. निघायच्या आधी बाबांनी कॅलेंडर बघून शेरा मारला, "आमच्याकडे मृग लागला की बोटी बंद. आणि तुम्ही जूनमध्ये समुद्रात निघालात!" मुलांना मृग म्हणजे काय तेच माहीत नव्हते.

पहिला दीड दिवस कौतुकाचा नव्हता. जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जो करडा ढग बसतो, तो किनाऱ्यापासून पुष्कळ लांबपर्यंत पसरलेला असतो. थंड वारा, बाजूने येणाऱ्या लाटा, आणि आईंना बोट लागली. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखे पंख असतात. जहाज डावी-उजवीकडे झुकू लागले की ते आपोआप फिरून त्याला सावरतात. पुढे-मागे होणारे हेलकावे मात्र त्यांच्या हातात नसतात. म्हणून खोली घेताना जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. झोपाळ्याच्या टोकापेक्षा मधे बसणाऱ्याला कमी झोका लागतो, तसेच हे. खोली आवरणाऱ्या मुलाने हिरवे सफरचंद आणि खारी बिस्किटे आणून दिली. आईंनी पर्समधून आलेपाक काढला. दोहोंपैकी कशाने गुण आला यावर अजून एकमत नाही. तो मुलगा वसईचा निघाला. त्याचा सात महिन्यांचा करार होता आणि पाच महिने झाले होते. त्यानंतर आई रोज त्याच्या यायच्या वेळी खोलीतच थांबू लागल्या. दोन मिनिटे का होईना, मराठीत विचारपूस व्हायची, "जेवलास का रे?"

तिसऱ्या दिवशी ढग मागे पडले, व्यापारी वारे पाठीशी आले आणि समुद्राचा रंग करड्याचा गडद निळा झाला. आता खरा 'करायचं काय'चा प्रश्न. जहाजाचे उत्तर तयार असते. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा छापील कार्यक्रम खोलीत येतो. सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला काहीतरी: उकुलेले शिका, हुला नाच शिका, बिंगो, ब्रिज, व्याख्यान, लिलाव. आपण मराठी माणसे; पैसे भरलेत म्हटल्यावर एकही कार्यक्रम सोडायचा नाही, अशा जिद्दीने आम्ही पहिल्या दिवशी पेनाने खुणा केल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तो कागद पत्त्यांचे गुण लिहायला कामी आला. मेंढीकोट सहा जणांत फार छान जमतो.

दुपारी बारा वाजता कॅप्टनची घोषणा होते, ती मात्र आम्ही चुकवली नाही. अक्षांश, रेखांश, वाऱ्याचा जोर, पाण्याची खोली. या पट्ट्यात खोली चार-पाच किलोमीटर असते. म्हणजे आपल्याला सर्वांत जवळची जमीन चार-पाच किलोमीटरवरच, पण सरळ खाली! वरच्या डेकवर पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवर उभे राहिले, तर क्षितिज सुमारे अठरा किलोमीटरवर येते. तेवढ्या त्रिज्येचे एक वर्तुळ, आपण कायम त्याच्या मध्यावर, आणि त्यात दुसरे काहीही नाही. इंजिनिअर माणसाला आणखी एक चाळा असतो: नळाचे पाणी कुठून येते? इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राचे पाणी कमी दाबाखाली, म्हणजे कमी तापमानाला उकळतात आणि त्याची वाफ थंड करून गोडे पाणी मिळवतात. कॉलेजात थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात सोडवलेले गणित चहाच्या कपात उतरलेले बघून बरे वाटले.

आणि घड्याळ! कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्या वेळेत उन्हाळ्यात तीन तासांचा फरक असतो. विमानाने गेलात तर तो एकदम अंगावर येतो. बोट तो तीन रात्रींत वाटून टाकते. रात्री झोपताना घड्याळ एक तास मागे करायचे. पंचवीस तासांचे असे तीन दिवस हातात पडतात. आपल्या घरी आई-बाबा येतात तेव्हा काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी आठला घर रिकामे होते. ऑफिस, शाळा, मग पोहणे, मग पियानो. रस्त्यावर माणूस नाही, गाडी चालवता येत नाही. शनिवार-रविवारी आपण त्यांना घेऊन मॉल आणि देवळे 'दाखवतो'. एका घरात सहा माणसांची सहा वेळापत्रके. बोटीवर प्रथमच सगळ्यांचे वेळापत्रक एक होते, आणि त्यात काही लिहिलेले नव्हते. इंटरनेट आता भर समुद्रातही मिळते. आम्ही एकाच फोनपुरते घेतले आणि तो फोन तिजोरीत ठेवला.

डेकवर तीन-चार फेऱ्या मारल्या की मैल होतो. बाबा आणि आमची पंधरा वर्षांची मुलगी सकाळी एकत्र चालू लागले. चौथ्या दिवशी तिने सहज विचारले, "आजोबा, यू वेअर एव्हर ऑन अ शिप बिफोर?" तिथून बाबा सुरू झाले. हर्णैला बोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसून जायचे, हेलकाव्याचा अंदाज घेऊन शिडीवर उडी मारायची. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची. आंब्याच्या करंड्या, कोंबड्या, बोट लागलेली माणसे, आणि शेवटी भाऊच्या धक्क्याचे दिवे. साठच्या दशकात कॉलेजला जाताना त्यांनी हा प्रवास अनेकदा केला होता. इथवर आम्हालाही माहीत होते.

मग म्हणाले, "पण माझी आई मला पोचवायला बंदरावर कधी आली नाही." १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे आपण वाचलेले असते. गटारी अमावास्येला घरी निघालेले चाकरमानी त्यात होते. बाबांचे आजोळ अलिबागजवळ. त्यांचे थोरले मामा गिरणीत होते आणि ते त्या बोटीवर होते. बाबा तेव्हा तीन महिन्यांचे. आजीने नंतर आयुष्यात बोटीत पाय ठेवला नाही. मुलगा हर्णैहून निघाला, की मुंबईचे पोस्टकार्ड येईपर्यंत ती देवापुढचा दिवा विझू देत नसे. रेवसची लाँच तेवढी कधी घ्यायची नाही, असा शब्द तिने त्यांच्याकडून घेतला होता.

आमच्या लहानपणी अलिबागला जाताना सगळे लाँचने जात आणि आम्ही मात्र पेणवरून एस.टी.ने. विचारले की बाबा म्हणत, "एस.टी. बरी." त्याचे कारण आम्हाला प्रशांत महासागराच्या मध्यावर, जवळच्या किनाऱ्यापासून हजार मैलांवर कळले. आई म्हणाल्या, "मलाही लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं." मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने मामांचे नाव विचारून घेतले आणि वहीत मराठीत लिहिले.

त्या रात्री बाबांनी नातवंडांना ध्रुव दाखवला. जहाजाच्या पुढच्या बाजूचे दिवे बंद ठेवलेले असतात, कारण ब्रिजवरच्या माणसांना अंधारात बघायचे असते. तिथे आकाश उत्तम दिसते. हात लांब करून मूठ धरली, तर ती साधारण दहा अंश व्यापते. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. घरून निघताना अंगणात मोजला होता, तेव्हा साडेतीन मुठी भरला होता. आता जेमतेम दोन. बाबा म्हणाले, "मुंबईत एवढाच दिसतो." खरेच आहे. हवाईतले हिलो गाव साडेएकोणीस अंशांच्या जरा वर आणि मुंबई एकोणीस अंशांवर.

हिलोहून निघालो त्या रात्री नवाच्या सुमारास स्वाती अगदी डोक्यावर होती. हवाईचे लोक स्वातीला 'होकुलेआ' म्हणतात, म्हणजे आनंदाचा तारा. पूर्वीचे दर्यावर्दी हा तारा माथ्यावरून जाऊ लागला, की हवाईच्या अक्षांशावर आलो असे ओळखत. त्याच नावाची जुन्या पद्धतीची जोडनाव १९७६ साली कोणतेही उपकरण न वापरता ताहितीपर्यंत गेली. सातावाल बेटावरचे माऊ पियाइलुग तिचे वाटाडे होते. तीच स्वाती मुंबईच्याही माथ्यावरून जाते, हे ऐकून मुलगा म्हणाला, "मग होकुलेआ चुकून मुंबईला गेली असती तर?"

परतीच्या वाटेवर दिवस तेवीस तासांचे असतात. दिलेले तीन तास जहाज मोजून परत घेते. तोवर बाबांचे कॉलेज संपून नोकरी लागली होती आणि आईंच्या माहेरची गोष्ट सुरू झाली होती. ती पुरी व्हायच्या आत एन्सेनाडा आले.

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. परदेशी बंदर लागते, तेव्हा आई-वडिलांच्या पासपोर्टची मुदत आणि व्हिसावरच्या प्रवेशांची संख्या तिकीट काढायच्या आधी तपासा. त्यांचा विमा जहाजावर चालतो का, हे लेखी विचारून घ्या. जहाजाचा डॉक्टर स्वस्त नसतो. औषधे चार-आठ दिवसांची जादा न्या, आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. शाकाहारी जेवणाचे आदल्या रात्री सांगितले, तर दुसऱ्या दिवशी चांगली आमटी मिळते. आलेपाक आणि पत्त्यांचे दोन कॅट विसरू नका. आणि मुलांनी आजी-आजोबांना विचारायचे चार प्रश्न त्यांना आधीच सुचवून ठेवा. पुढचे आजी-आजोबा बघून घेतात.