हात लावू नका!

फुटबॉल खेळाडूंची जुनी कार्डं जमवणं हा छंद आहे, गुंतवणूक नव्हे, असं मी गेली पंधरा वर्षं आमच्या शाखेत ओरडून सांगतो आहे. पण बँकेत ओरडणाऱ्याला फक्त पाणी विचारतात. डब्याच्या सुट्टीत मी एखादं कार्ड काढलं, की कर्ज विभागातले सहकारी पोळीचा तुकडा भाजीवर तसाच धरून विचारतात, "याचं व्हॅल्युएशन किती?" खेळाडू कोण, कुठल्या संघाचा, काही नाही. मी ते तारण ठेवायला आणलंय अशीच त्यांची समजूत.

आता मीही वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. घसारा म्हणजे काय, हे मला निदान परीक्षेपुरतं ठाऊक होतं. त्याच अधिकारात सांगतो, की या कार्डांच्या धंद्यात घसारा हाच खरा नफा. कोपरे झिजले नसतील, तर ते कार्ड जन्माला येऊन फुकट गेलं.

हे मत ऐकून माझा भाचा हसतो. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, त्यामुळे त्याला हसायला वेळ मिळतो. गेल्या दिवाळीत तो एका हातात चिवड्याची बशी आणि दुसऱ्या हातात जाड प्लास्टिकची पारदर्शक पेटी घेऊन आला. पेटीत तीसच्या दशकातलं, सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं कार्ड. त्यावर साक्षात स्टॅन्ली मॅथ्यूज! मी हात पुढे केला.

"मामा, हात नका लावू!"

"अरे, प्लास्टिकला काय होतंय?"

"ओरखडा पडतो. आठ आहे तो."

"आठ कोण? हा मॅथ्यूज ना?"

"असेल. पण ग्रेड आठ आहे."

ही ग्रेडची भानगड अशी. अमेरिकेत पीएसए नावाची कंपनी १९९१ पासून हा उद्योग करते. आपण पैसे भरून कार्ड पाठवायचं. ते लोक कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे की नाही ते तपासतात, एक ते दहांमध्ये गुण देतात आणि कार्ड पेटीत सीलबंद करून परत धाडतात. मला आमच्या गोपनीय अहवालाची आठवण झाली. इस्त्री तपासायची, भांग मधोमध आहे का पाहायचं. माणसाने काम काय केलं, हा रकानाच नाही.

आणि मॅथ्यूजने काय केलं, ते जरा ऐका. जन्म १९१५. युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून पहिला सन्मान १९५६ साली त्याला मिळाला, तेव्हा वय एक्केचाळीस. पहिल्या श्रेणीतला शेवटचा सामना तो फेब्रुवारी १९६५ मध्ये खेळला, तेव्हा वय पन्नास वर्षं आणि पाच दिवस. आमच्याकडे पन्नाशी गाठली की माणूस स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म चाळायला लागतो. बरं, हा गृहस्थ सिगारेटला न शिवणारा. तरी पोरपणापासून त्याची चित्रं सिगारेटच्या पाकिटात, आणि पुढे पन्नासच्या दशकात तर सिगारेटच्या जाहिरातीतच तो झळकला! एवढा सगळा ऐवज त्या चिठोऱ्यात आहे, आणि आमचे चिरंजीव सांगतात, आठ.

मुळात ही कार्डं जपण्यासाठी निघालीच नव्हती. सिगारेटचं पाकीट मऊ असायचं, आतला माल चेपू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कोरा कशाला घालायचा, म्हणून त्यावर चित्रं छापली. विलायतेतली पोरं तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे ती मागायची आणि भिंतीशी टिचकीने उडवून डाव मांडायची. आपल्याकडे काडेपेटीच्या छापांवर डाव रंगायचे, तोच प्रकार. महायुद्धात कागदाची टंचाई आली आणि ही कार्डं बंद पडली. युद्धानंतर बबलगमच्या पाकिटातून नवी आली. त्या गमचा डाग कार्डाला लागायचा. माझ्याकडे असं एक कार्ड आहे. डागाला आता वास नाही. तरी मी ते हातात घेतलं, की नाकाशी नेतो. पेटीतलं कार्ड नाकाशी नेऊन बघा. प्लास्टिक!

इटलीची कथा याहून गोड. मोदेना गावात पानिनी बंधूंचं वर्तमानपत्रांचं दुकान होतं. १९६० साली मिलानच्या एका कंपनीकडे न खपलेली चित्रं पडून होती, ती त्यांनी उचलली आणि दोन-दोनची पाकिटं करून दहा लिऱ्यांना विकली. तीस लाख पाकिटं खपली! मग १९६१ पासून फुटबॉलपटूंची स्वतःचीच चित्रं काढली. एकाच पाकिटात तोच खेळाडू दोनदा येऊ नये म्हणून चित्रं घुसळायला त्यांनी लोणी काढायचं पिंप वापरलं. आपल्याकडे हे गोकुळात शोभलं असतं. मग शाळेच्या पटांगणात गड्डी हातात धरून पोरांचा जप सुरू व्हायचा, "चेलो, चेलो, मांका!" म्हणजे "आहे, आहे, नाही!" हा 'नाही' आला, की सौदा सुरू. पोरं कुठल्याही ग्रेडवाल्याला विचारत नव्हती.

१९६३-६४च्या संग्रहात अटलांटा संघाचा गोलरक्षक पिझाबाला याचं चित्रच मिळेना. छायाचित्रकार आला त्या दिवशी गडी जखमी होता, हजर नव्हता. त्याचं चित्र उशिरा आलं, तोवर सगळी इटली त्याला शोधते आहे! देशाकडून तो उभ्या आयुष्यात एक सामना खेळला, पण वहीतल्या रिकाम्या चौकटीने त्याला अजरामर केलं. आमच्या भाषेत तो सस्पेन्स अकाउंटमधली नोंद. जुळेपर्यंत झोप नाही. ती चौकट भरायला पोरांची तडफड लागते. लिलावात बोली लावून ती भरणं म्हणजे सत्यनारायणाला न बसता प्रसाद घरपोच मागवणं.

आता माझा सर्वांत मोठा राग. बबलगमच्या संचांत यादीचंही एक कार्ड असे. मिळालेल्या खेळाडूपुढे पोराने पेन्सिलीने खूण करायची. बाजाराच्या मते खूण केलेली यादी म्हणजे खराब माल, कोरी यादी म्हणजे सोनं! अहो, मी आयुष्यभर टिका मारत आलोय. टीक केलेली यादी म्हणजे तपासलेली, पास झालेली यादी. कोरी राहिली, म्हणजे त्या पोराने कामच केलं नाही. आमच्याकडे असा कागद ऑडिटला सापडला तर मेमो मिळतो, इथे त्याला बक्षीस!

मळकी नोट कुठल्याही बँकेत बदलून मिळते आणि पूर्ण किमतीला मिळते. शंभराची नोट कोळणीच्या पाटीतून, रिक्षावाल्याच्या खिशातून, देवळाच्या पेटीतून फिरून माझ्या खिडकीवर येते, तेव्हा मी तिला "ग्रेड तीन, सत्तावीस रुपये घ्या" असं म्हणत नाही. फिरणं हेच तिचं काम होतं.

विरुद्ध पक्षाचं एक म्हणणं मला मान्य आहे. खोटी कार्डं फार झाली आहेत, अस्सल कोणतं ते जाणकाराने सांगावं. जुना कागद जपायलाही हवा. पण जुसेप्पे पानिनी यांनी आपला प्रचंड संग्रह १९९२ साली मोदेना शहराला देऊन टाकला, तिथे आज त्याचं संग्रहालय आहे. जपणं याला म्हणतात. लॉकरमध्ये घालून भाव वाढायची वाट पाहणं याला ठेव म्हणतात. १९५८च्या स्वीडनमधलं पेलेचं एक कार्ड, ग्रेड नऊ, २०२२ साली तेरा लाख डॉलरच्या वर गेलं. म्हणजे आपले दहा कोटींच्या आसपास. सतरा वर्षांच्या त्या पोराने अंतिम सामन्यात दोन गोल मारले होते. त्याला बघून वेडी झालेली पोरं ते कार्ड खिशात घेऊन हिंडली असणार, आणि ती कार्डं फाटली असणार. दहा कोटी मिळाले ते ज्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही अशा कार्डाला.

आणि ज्यांची ही चित्रं, त्यांना काय मिळालं? इंग्लंडमध्ये जानेवारी १९६१ पर्यंत खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला वीस पौंड. टॉम फिनी इंग्लंडकडून शहात्तर सामने खेळला, तीस गोल केले आणि पोटासाठी प्रेस्टनमध्ये नळदुरुस्ती करत राहिला. शेवटी जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या युनियनने संपाची नोटीस दिली, तेव्हा ती मर्यादा उठली. हे आमच्या युनियनच्या सेक्रेटरींना सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं. आज एक कार्ड इथून अमेरिकेला पाठवून, पेटीत घालून परत आणायचं तर टपालखर्च धरून वीस पौंडांत भागत नाही. म्हणजे फिनीचा आठवड्याचा पगार फिनीला कोंडण्यात गेला!

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्यांना पैसे वाढवायचे आहेत त्यांनी मुदत ठेव ठेवावी. फॉर्म खिडकी क्रमांक चारवर मिळतो, तिथे मीच बसतो, आणि ठेवीच्या पावतीला हात लावायला कुणाचीच बंदी नाही. ज्यांना कार्डं हवीत त्यांनी घेण्याआधी खेळाडूबद्दल दोन गोष्टी सांगाव्यात, त्यात आकडा आला तर तो गोलांचा असावा. आणि घरात लहान पोर असेल तर कार्ड त्याच्या हातात द्यावं. वरणाचे हात असले तरी चालतील.