मैदानावरील धडा

अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत हा अवर्षणग्रस्त तालुका. येथें रयत शिक्षण संस्थेनें १९६४ सालीं दादा पाटील महाविद्यालय काढलें. अशा लहान महाविद्यालयाचें वर्ष जूनच्या पावसाबरोबर सुरू होतें, मध्यंतरीं आंतरमहाविद्यालयीन सामने येतात आणि शेवटीं परीक्षा. “खेळ पुरे, आतां पुस्तक धर,” असें वडीलमंडळी मुलास तेव्हां बजावतात. मुलीस मात्र वर्षारंभींच!

पण खोखोकडे पाहावें. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात, तरी संघ एकच. आपल्या जागीं सावध बसणें आणि खो मिळतांच उठणें, हा धडा कोणत्या क्रमिक पुस्तकांत आहे? एकत्र कुटुंबास तर तो फारच उपयोगाचा. म्हणून संध्याकाळचा एक तास मुलास, आणि मुलीसहि, घरानें मोकळा द्यावा.