पाठ्यनिर्देशिकेच्या ड्युटीचा हिशेब कोण ठेवणार?

नर्सिंग शिकवणाऱ्यांचा प्रश्न रेल्वे आणि टपाल कामगारांच्या या पानावर कशासाठी, असे काही सभासद विचारतील. पहिले उत्तर घरातले आहे. इटारसीपासून सिकंदराबादपर्यंत आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मुली, आणि आता काही मुलगेही, जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंगला आहेत. त्यांची फी आपण पी.एफ.मधून ॲडव्हान्स काढून किंवा सोसायटीचे कर्ज घेऊन भरली आहे. दुसरे उत्तर असे की हा मुळात ड्युटीच्या तासांचा प्रश्न आहे, आणि ड्युटीचे तास म्हणजे काय हे रेल्वे कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांत नर्सिंग शिकवणाऱ्या शिक्षिकेला पाठ्यनिर्देशिका म्हणतात. इतर प्रांतांत तिला ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणतात. नाव काहीही असो, कामाचे स्वरूप सगळीकडे एकच. सकाळची पाळी सुरू होताना ती विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात हजर असते. कोणाला कोणता रुग्ण द्यायचा हे ठरवायचे, इंजेक्शन भरताना शेजारी उभे राहायचे, कॅथेटर घालताना पहिल्यांदा थरथरणारा हात सांभाळायचा, रुग्णाच्या नातेवाइकांची बोलणी ऐकून घ्यायची. दुपारी तीच बाई वर्गात शरीररचना किंवा बालरोग परिचर्या शिकवते. त्यानंतर विद्यार्थिनींची जर्नले आणि केस स्टडी तपासणे, हजेरी आणि अंतर्गत गुण भरणे ही कामे असतात. नर्सिंग कौन्सिलची किंवा विद्यापीठाची तपासणी जवळ आली की फायली रचण्यात रात्री जातात. अनेक खाजगी संस्थांत हॉस्टेलची वॉर्डनकी आणि जून-जुलैत प्रवेश आणण्याचे कामही तिच्याच गळ्यात असते. २०२१ पासून बी.एस्सी. नर्सिंगला सत्र पद्धती लागू झाली. वर्षाची एक परीक्षा होती तिथे दोन झाल्या आणि त्यांच्यामागची लिखापढीही तशीच वाढली. त्या प्रमाणात माणसे मात्र वाढलेली दिसत नाहीत.

थोडक्यात, एका पगारात दोन नोकऱ्या चालू आहेत. वॉर्डातले काम शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही आणि शाळेचे काम रुग्णालयाच्या ड्युटी चार्टवर येत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. कागदावर ठीक वाटतो. पण हे दहा जण एका खोलीत बसलेले नसतात. दोघी मेडिकल वॉर्डात, दोघी सर्जिकलमध्ये, तिघी प्रसूतिकक्षात, बाकीच्या अपघात विभागात. शिक्षिका एक. ती ज्या वॉर्डात उभी आहे तिथे सगळे ठीक चालते. बाकीच्या ठिकाणी काय चालले असेल हा विचार तिच्या डोक्यात दिवसभर असतो. शिकाऊ सहायक चालकाबरोबर फूटप्लेटवर गेलेल्या लोको इन्स्पेक्टरला निदान एकाच इंजिनावर लक्ष ठेवावे लागते. आर.एम.एस.मध्ये नव्या सॉर्टरच्या हातून पत्र भलत्या खणात गेले तर ते फिरून दोन दिवसांनी तरी पोचते. पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्युल पातळ न करता सरळ शिरेतून गेले तर हृदय बंद पडते. तिथे फिरून यायला वाव नाही.

याच्याही पलीकडचा एक ताण आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत जास्त पोखरणारा आहे. पुस्तकात लिहिलेली परिचर्या एक आणि तुडुंब भरलेल्या वॉर्डातली परिचर्या वेगळी. प्रत्येक रुग्णामागे हात धुवा, औषध देण्यापूर्वी नाव, मात्रा, वेळ आणि मार्ग तपासा, हे ती सकाळी शिकवते. तासाभराने वॉर्डात एका अधिपरिचारिकेच्या अंगावर वाट्टेल तेवढे रुग्ण पडलेले विद्यार्थिनी पाहतात. परिसेविकेला शिकाऊ मुली दिसतात त्या कामाचे मोकळे हात म्हणून, आणि मनुष्यबळ नसताना तिचाही दोष काढता येत नाही. मग पाठ्यनिर्देशिकेने काय करावे? मुलींना शिकू द्यावे की वॉर्ड रेटायला सोडावे? रोज यातले काहीतरी निवडायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूचा ठपका घेऊन घरी जायचे. घरी गेल्यावर चूल तिचीच असते, हे वेगळे सांगायला नको.

कामाच्या ताणाबद्दल शास्त्रात बरेच काम झाले आहे आणि ते कामगारांच्या बाजूने बोलणारे आहे. रॉबर्ट करासेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये असे मांडले की कामाचा नुसता बोजा माणसाला तितका मोडत नाही. बोजा मोठा आणि आपल्या कामावर आपला अधिकार लहान, ही जोडी मोडते. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील व्हाइटहॉल अभ्यासांत खालच्या श्रेणीतल्यांना हृदयविकार जास्त आढळला आणि कामावर ताबा नसणे हे त्याचे एक मोठे कारण म्हणून पुढे आले. साहेबाला टेन्शन जास्त, ही समजूत तेथे तरी टिकली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची, म्हणजे कामाने आतून जळून जाण्याची, नोंद केली. ती रोग म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, कामाशी जोडलेली अवस्था अशी ती नोंद आहे. कारण जर कामाच्या ठिकाणी असेल तर इलाजही तिथेच शोधायला हवा.

व्यवस्थापने मात्र इलाज शिक्षिकेच्या डोक्यात शोधतात. वर्षातून एकदा ताणमुक्तीची कार्यशाळा, तीही बहुधा सुटीच्या दिवशी, वर हजेरी सक्तीची! दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, डायरी लिहा. आम्ही योगासनांची चेष्टा करत नाही; रात्रपाळीच्या माणसाला प्राणायामाने झोप लागत असेल तर त्याने जरूर करावा. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले: एक, मनाची तगमग शांत करणे, दुसरा, तगमगीचे कारणच दूर करणे. दोन्ही लागतात. परंतु रिकामी पदे भरणे शिक्षिकेच्या हातात नसते. वेळापत्रक बदलणे आणि वॉर्डनकी नाकारणेही नसते. एकट्याने करता येतो तो पहिलाच मार्ग, म्हणून कार्यशाळा त्याचीच होते. दुसऱ्या मार्गाला चार माणसे एकत्र यावी लागतात.

एकत्र येण्याच्या वाटेवर कायद्याचा एक खोल खड्डा आहे. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात, सुंदरंबल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असा निर्णय दिला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार नव्हे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतल्या व्याख्येत पत्रकार आणि विक्री प्रतिनिधी यांचा उल्लेख आहे, शिक्षकाचा नाही. परिणाम पाहा. वॉर्डातली अधिपरिचारिका कामगार ठरू शकते. तिच्या शेजारी उभी राहून त्याच रुग्णाची सेवा करणारी आणि ती करायला शिकवणारी पाठ्यनिर्देशिका नाही. शिक्षकांसाठीची न्यायाधिकरणे आहेत, पण त्यांची आठवण बहुधा नोकरी गेल्यावरच येते. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तज्ज्ञ समिती नेमली गेली. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असे त्या समितीने सुचवले. ती शिफारस किती ठिकाणी पाळली जाते हा वेगळा विषय. पण तिचा आधार खाटांचा. शिक्षिकेला असा कुठलाच आधार नाही.

कायदा दगडावर कोरलेला नसतो हेही सांगितले पाहिजे. शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू नाही, असे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. पुढे २००९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, तोही ३ एप्रिल १९९७ पासूनच्या प्रभावाने, आणि २०२२ मध्ये न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली.

आता पुढचे पाहू. केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये जाहीर केली आणि त्याच वर्षी मंत्रिमंडळाने १,५७० कोटी रुपयांना मंजुरी दिली. वर्षाला सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडतील असा हिशेब आहे. आम्ही या महाविद्यालयांचे स्वागतच करतो. पण चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ही संख्या सुमारे ६२,८०० विद्यार्थ्यांवर जाते आणि दहास एक या प्रमाणाने सहा हजारांहून अधिक शिक्षक लागतात. ते कुठून आणणार? केंद्रीय रुग्णालयांत आणि रेल्वेत नव्याने लागणाऱ्या परिचारिकेला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० मूळ वेतन मिळते. खाजगी संस्थेतली तिची शिक्षिका अनेकदा त्याच्या निम्म्यावर राबत असते. एम.एस्सी. होऊन शिकवायला कोण थांबेल? जी थांबेल तिच्यावर सोडून गेलेल्यांचे काम पडेल आणि तीही एके दिवशी सोडून जाईल.

१९७४ च्या संपात आठ तासांची ड्युटी ही आपली एक प्रमुख मागणी होती. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १३० मध्ये सतत एकाग्रतेचे, विसाव्याला जवळपास जागा नसलेले काम ‘इंटेन्सिव्ह’ म्हणून ओळखले आहे आणि कलम १३२ ने त्याला आठवड्याला सरासरी ४५ तासांची मर्यादा घातली आहे. गजबजलेल्या सेक्शनच्या कंट्रोलरचे काम या वर्गात कसे आले, त्यासाठी जॉब ॲनालिसिस कसे झाले, हे आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. चार वॉर्डांत पसरलेल्या दहा शिकाऊ मुलींवर डोळा ठेवणाऱ्या बाईच्या कामाचे असे विश्लेषण का होऊ नये? वॉर्डातला प्रत्येक तास ड्युटीचा तास म्हणून धरला जावा, दहास एक हे प्रमाण संस्थेच्या हजेरीपटावर न मोजता वॉर्डनिहाय मोजले जावे आणि वॉर्डनकी व प्रवेशाची कामे शिक्षकांकडून काढून घ्यावीत. या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. तपासणीच्या नमुन्यात तीन रकाने वाढवले तरी सुरुवात होते. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व प्रसविका आयोगाचा कायदा केला आहे. त्याखालचे नियम आणि मानके ठरताना शिक्षिकांच्या संघटनांचे म्हणणे ऐकले जावे, यासाठी आपल्या महासंघाने आरोग्य मंत्रालयाकडे निवेदन द्यावे.

ज्या सभासदांच्या मुली नर्सिंगला आहेत त्यांनी पुढच्या पालकसभेत एवढेच विचारावे: माझी मुलगी आज ज्या वॉर्डात आहे तिथे तिची शिक्षिका हजर आहे का, आणि त्या वेळी तिच्याकडे आणखी किती वॉर्ड आहेत? मिळालेले उत्तर संस्थेचे नाव न घालता शाखा कार्यालयात लिहून द्यावे. निवेदनाला ते जोडता येईल.